दाजी, बटण आलं होतं

दाजी, तो ट्रकवाला म्हणतो, त्याला गाडी दिसलीच नाही.

पोलीस ठाण्याच्या ओसरीवर उकिडवा बसला होता. कपाळाला पट्टी, हातात चहाचा ग्लास, चहा तसाच. मी त्याची गचांडी धरायलाच गेलो होतो, खोटं कशाला सांगू. हवालदाराने मला मागे ओढलं. तो बिचारा माझ्याकडे बघून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता, "दिखीच नहीं भैया. बस के पीछे से निकला, रोड खाली था. गाडी दिखीच नहीं." डोळ्यांतून पाणी वाहत होतं त्याच्या. मी उचललेला हात खाली घेतला. तुमची गाडी दिसू नये याची तजवीज कुणी करून ठेवली होती, हे त्या ओसरीवर माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

आज अकरावा दिवस. अजून खरं वाटत नाही. दुकानासमोर गाडी थांबली की मान वर होते. काल समोरच्या हॉटेलवाल्याला मी दोन चहा सांगितले. त्याने निमूट दोन आणून ठेवले आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. तेव्हा कळलं मी काय केलं ते. दुसरा चहा मी ओतून दिला नाही, प्यायलो. तुम्ही असता तर म्हणाला असता, "फुकट कामून घालवतं रे."

नेरडीगोंड्याच्या सडकेवर येणारे-जाणारे विचारतात, गेले ते तुमचे कोण? मी सांगतो, माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे मालक, दवाखान्याची फॉरेनची गाडी चालवायचे ते मारोती ड्रायव्हर. लोक चुकचुकतात, पुढे जातात. मी त्यांना कसं सांगू, की दहावी नापास होऊन भैंशाच्या जिनिंगमध्ये कापूस ढकलत बसलो होतो, तेव्हा ह्या माणसाने माझा हात धरून मला गाड्यांचं वायरिंग शिकायला निजामाबादच्या मिस्त्रीकडे नेऊन बसवलं. दुकान टाकलं त्या दिवशी जुन्या बल्बला दोन वायरी जोडून तुम्ही मला टेस्ट लॅम्प करून दिला होता. "ह्यो बल्ब खोटं बोलत नाही," म्हणालात, "करंट असंल तर पेटंल, नसंल तर नाही." तो बल्ब अजून आहे, दाजी. खोटं बोलायचं काम मी केलं.

ती व्हॅन आली तो दिवस मला लख्ख आठवतो. घाटाखालचा तुमचा कुष्ठरोग्यांचा दवाखाना परदेशातल्या मदतीवर चालायचा, आणि त्या लोकांनी त्यांच्याकडची वापरलेली गाडी बोटीने पाठवली होती. राखाडी रंगाची, स्टिअरिंग डाव्या बाजूला. दवाखान्यातले दुसरे ड्रायव्हर तिच्याभोवती फिरून आपापल्या जीपकडे परत गेले. तुम्ही दोन दिवस आवारातच तिला मागेपुढे करत राहिलात आणि तिसऱ्या दिवशी घाट चढून थेट माझ्या दुकानासमोर. मी नेहमीच्या खिडकीत पाहिलं तर सीटवर कुणीच नाही. गाडी आपली आपणच आली की काय, म्हणून दचकलो होतो. तुम्ही पलीकडच्या खिडकीतून खो खो हसत होतात.

मग माझं लक्ष दिव्यांकडे गेलं. भर उन्हात पुढचे दोन्ही दिवे चालू.

आपल्याकडे समोरच्या गाडीचा दिवा दिवसा चालू राहिलेला दिसला की माणूस पंजा उघडून-मिटून दाखवतो. ओळख असो नसो. सायकलवाला दाखवतो, बैलगाडीवाला दाखवतो, डोक्यावर भारा असलेली बाई एक हात सोडून दाखवते. मीही दाखवला. तुम्ही हात वर केलात, म्हणालात, "माहीत हाय बावा. निर्मल गाव सोडल्यापासून अख्ख्या जगानं सांगतलं."

बंद करायला बटणच नव्हतं. चावी फिरवली की दिवे लागायचे, इंजिन बंद झालं की विझायचे. गाडी जिथली होती तिथे म्हणे हिवाळ्यात सूर्य धड उगवत नाही, दुपारीसुद्धा संध्याकाळ, म्हणून तिकडचा कायदाच तसा. दवाखान्यातल्या गोऱ्या नर्सबाईने तुम्हाला हे सांगितलं होतं, आणि तुम्ही ते मला अशा थाटात सांगितलंत की जणू तो देश तुम्ही काल बघून आलात.

"तिथं सूर्य नाही ना दाजी," मी म्हणालो, "इथं तर डोक्यावर आग लावून राह्यला. बॅटरी खाईल, बल्ब जातीन. काढून टाकू."

"ज्यायनं बनवली ते काय येडे होते?"

"उजेडात उजेड पाडनं म्हनजे काय शहानपन हाय?"

तुम्ही तंबाखू मळत होतात. मळणं थांबवलं नाहीत. "परल्हाद, हा दिवा मले दिसाले नाही लावला. मी लोकायले दिसाव म्हनून लावला."

मी हसलो, दाजी. बाकावरचे दोन ट्रकवाले हसले, त्यांना आणखी हसवायला मी म्हणालो, "तुमी एवढे काळे नाही हो, दिसता!" तुम्हीही हसलात. तुमचं ते 'लोकायले दिसाव' मी त्या दिवसापासून कितीदा चेष्टेत वापरलं असेल. आता ते ट्रकवाल्याच्या तोंडून उलटं होऊन माझ्याकडे परत आलं आहे.

पुढचे कितीतरी महिने आपलं तेच भांडण. तुम्ही आलात की मी दिव्यांवरून सुरू व्हायचो. माझं म्हणणं धंद्याचं होतं, असं मी म्हणायचो. खरं सांगायचं तर मला लाज वाटायची. सगळ्या सडकेवर मी वायरिंगचा मिस्त्री, आणि माझ्याच दाजींच्या गाडीचे दिवे दिवसा चालू. लोक दुकानात येऊन सांगायचे, "अरे, तुह्या दाजीची लाइट बिघडली, दुरुस्त कामून करत नाहीस?" त्यांना कितीदा समजावू? तुम्हाला मात्र त्या पंजांचा कंटाळा कधी आला नाही. प्रत्येकाला हात वर करून उत्तर द्यायचात. म्हणायचात, "किती लोक आपली काळजी करून राह्यले पाह्य."

आणखी एक गोष्ट होती, ती मी सुरुवातीलाच तुमच्या कानावर घातली होती. आपल्या भागात दवाखान्यातून मयत गावी आणणारी गाडी दिवसा दिवे लावून येते. नियम कुणी केला कुणास ठाऊक, पण लहान पोरालाही माहीत असतं. दिवे पाहिले की समोरचा बाजूला घेतो, सायकलवाला उतरून उभा राहतो, म्हातारी माणसं हात जोडतात. "दाजी, लोकायले वाटंल मुडदा घेऊन चालले," मी म्हणालो होतो. तुम्ही ते हसण्यावारी नेलंत. आणि सडकेवर खरंच काही वाटलं नाही कुणाला, कारण सडकेवरचे लोक तुम्हाला ओळखायला लागले होते.

आतल्या गावांचं वेगळं होतं.

गंगव्वा म्हातारीचं तुम्ही मला सांगितलंत, तेव्हा तळहातावरची तंबाखू मळायची तशीच राहिली होती. त्या गावात दवाखान्याचा पहिलाच कॅम्प, चिंचेखाली. तुम्ही औषधांची खोकी घेऊन वेशीतून आत शिरलात. गंगव्वाचा एकुलता एक मुलगा, पोशन्ना, बोटांच्या ऑपरेशनसाठी तुमच्याच दवाखान्यात भरती होता. म्हातारी पाणी घेऊन येत होती. तिने दिवे पाहिले. दवाखान्याची गाडी, दिवसाचे दिवे, आणि मुलगा दवाखान्यात. घागर टाकून ती "ना कोडुका, ना कोडुका" करत गाडीपुढे येऊन पडली. माझ्या लेकरा, माझ्या लेकरा. तुम्ही उतरून ओरडलात, पोशन्ना बरा आहे, काल त्याने भात मागून खाल्ला. पण ती ऐकायच्या पलीकडे गेली होती. शेवटी तुम्ही तिला उचलून गाडीत बसवलंत आणि रिकामी बाकं तिच्या हाताने चाचपायला लावलीत. हे बाक, ते बाक, खाली, मागे. कुणी नाही हे तिच्या हाताला पटलं तेव्हा कुठे तिचा श्वास खाली बसला.

तिथून तुम्ही जेवायलाही न थांबता माझ्याकडे आलात. बाकावर बसून राहिलात. मग म्हणालात, "परल्हाद, एक बटन बसवून दे. सडकीवर चालू, गावात बंद."

एवढंच मागितलं होतं तुम्ही. दिवे काढून टाक असं तुम्ही कधीच म्हणाला नाहीत. हे मी नीट लिहून ठेवतो आहे, कारण गेले दहा दिवस माझं मन मला उलटंच सांगायला बघतंय.

मी म्हणालो, तसलं बटण निजामाबादहून मागवावं लागेल, तोवर वायर तोडून ठेवतो. तुम्ही जरा घुटमळलात. मी तर पाना-पक्कड घेऊन तयार. आधी मी एक फ्यूज उपसला, तर दिवे गेलेच, पण हॉर्नही गेला आणि वायपर आपोआप हलायला लागला. कोरड्या काचेवर खर्र खर्र. त्या दिवशी पहिल्यांदा तुम्ही हसलात. मग मी डॅशबोर्डखाली आडवा पडून तुमच्याच टेस्ट लॅम्पने चावीबरोबर दिवे लावणारी वायर शोधली आणि पक्कडीने तोडली; रात्रीच्या लांब झोताची वायर वेगळी होती, तिला हात लावला नाही. दोन्ही टोकांना टेप गुंडाळली. बाहेर येऊन हात पुसत म्हणालो, "आता कशी मानसात आली गाडी!"

तुम्ही तिच्यासमोर उभे राहून बघत होतात. "आंधळी झाल्यावानी दिसते रे," म्हणालात.

मी जिंकलो होतो ना, दाजी. मला कशाला ते ऐकू येतंय.

बटण आठ दिवसांत आलं. कागदाच्या पुडीत, दोन स्क्रूंसकट. मी ते टेबलाच्या खणात टाकलं. पहिल्यांदा तुम्ही विचारलंत, तेव्हा खरंच आलेलं नव्हतं. दुसऱ्यांदा विचारलंत तेव्हा कापसाचे दिवस होते, दुकानासमोर ट्रकांची रांग लागलेली. मी म्हणालो, नाही आलं. ते काम होतं अर्ध्या तासाचं. पण मनात असं होतं की हे बटण बसवलं म्हणजे दाजींचंच खरं झालं. सगळ्या सडकेला सांगून बसलो होतो की दाजींना शेवटी पटलं, दिवे बंद केले. आता परत लावायचे? एवढ्याशा गोष्टीसाठी. मी हे लिहितोय आणि मला माझीच शिसारी येतेय.

अक्काची गोष्ट मला तेव्हा माहीत असती तर? माहीत होती. तेही खोटं नको. अर्धीमुर्धी माहीत होती.

तुमचं गाव तळ्यापलीकडे. सडकेवरून फुटणारा रस्ता तळ्याच्या बांधावरून वळसा घालून येतो, आणि अक्काच्या परसातून तो बांध दिसतो. दुपारच्या फेरीला वाट वाकडी करून तुम्ही घरी जेवायला यायचात. त्या बांधावरून किती जीपा, किती बैलगाड्या धुळीचे लोट उठवत जात असतील, पण दिवे फक्त तुमचे. दिवे दिसले की अक्का चुलीवर तवा ठेवायची. तुम्ही बांधाला वळसा घालून, गाडी लावून, हातपाय धुवून येईपर्यंत ज्वारीची भाकरी ताटात. इतक्या वर्षांत ड्रायव्हरच्या बायकोला नवरा कधी येणार हे पहिल्यांदा कळत होतं. वायर तोडल्यावर तुम्हाला दुरडीतली गार भाकरी मिळू लागली.

तिने विचारलं, दिवे कुणी बंद केले? तुम्ही म्हणालात, "सायबानं करवले." माझं नाव घेतलं नाहीत. तिची जीभ तुम्हाला माहीत होती. तिने माझी सालटी काढली असती, आणि तीन दिवसांत ते दिवे मला पुन्हा लावावे लागले असते. मला वाचवायला तुम्ही खोटं बोललात. आणि मी दिवाळीला घरी आलो, तेव्हा अक्का मला म्हणाली, "तो कोन साहेब हाय, त्याले एक डाव माह्याकडं जेवाले आन. गार भाकर वाढतो त्याले." मी हसलो, हो म्हणालो. तुम्ही माझ्याकडे बघून भुवई उडवलीत. त्या भुवईसाठी तुमचे पाय धरायला हवे होते मी.

तिसऱ्यांदा तुम्ही आलात ती शेवटची वेळ. मला कुठे ठाऊक होतं. मी एका ट्रकच्या बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकलेला. तुमचा आवाज आला, "परल्हाद, बटन आलं का रे?"

"नाही आलं."

मान वरही केली नाही. खण माझ्यापासून चार हातांवर होता. तुम्ही बाकावर बसून चहा प्यालात, मफलर गुंडाळलात, माझ्या पाठीवर थाप मारलीत. "येईन तवा बसव. घाई नाही," म्हणालात. गाडी गेल्याचा आवाज ऐकला मी. तुमच्याशी माझं शेवटचं बोलणं हे असं आहे, आणि आता ते बदलता येत नाही.

दोन दिवसांनी, पूस महिन्यातली चार वाजताची उन्हं, दोन्ही बाजूंच्या झाडांच्या सावल्या आडव्या रस्त्यावर, आणि त्या सावल्यांतून येणारी राखाडी गाडी. ट्रक बसच्या मागून बाहेर निघाला. शेवटच्या क्षणी तुम्ही गाडी कुठे वळवलीत आणि त्याने कुठे, कुणालाच नीट सांगता येत नाही. मार डाव्या बाजूला बसला. सगळे मला समजावतात, "अरे, स्टेरिंग उलटं होतं. आपल्या गाडीवानी उजवीकडं बसले असते तर वाचले असते." असेल. दिवे चालू असते तरी बसच्या आडून त्याला दिसले नसते, असंही असेल. मी वायरिंगचा माणूस आहे, माझ्या धंद्यात दिवा एकतर पेटतो, नाहीतर नाही. इथे मला काहीच कळत नाही. मला एवढंच कळतं, की तो म्हणाला, दिखीच नहीं.

मी पोचलो तेव्हा तुम्हाला रस्त्याच्या कडेला निजवलं होतं. तोंडावर तुमचाच मफलर. मी तो बाजूला केला आणि तुम्हाला म्हणालो, "दाजी, उठा ना." लोक होते आजूबाजूला. मोठ्याने म्हणालो.

पोस्टमार्टेम दुसऱ्या दिवशी सकाळी व्हायचं होतं. तुमच्या चुलतभावाला मी निरोप पाठवला, की आम्ही येईपर्यंत अक्काला सांगू नका. आपल्यात तसंच करतात. बाईला आधी कळू द्यायचं नाही, माणूस आल्यावरच सांगायचं. फेरीवर मुक्काम पडायचा तुमचा कितीदा, त्यामुळे तिला शंका आली नाही. चुलतभावाने तोंड मिटून ठेवलं, पण सकाळपर्यंत गावात तिच्याशिवाय बहुतेकांना कळलं होतं.

दवाखान्याच्या जीपमधून तुम्हाला आणलं. मी मागे तुमच्याजवळ बसलो होतो. निघताना ड्रायव्हरने दिवे लावले, मयताची गाडी म्हणून. माझं लक्ष नव्हतं. सडक सोडून आम्ही तळ्याच्या बांधावर वळलो, समोर पाणी, पाण्यापलीकडे तुमचं परस, आणि मला एकदम आठवलं. मी ओरडलो, "दिवे बंद कर!" ड्रायव्हर म्हणाला, "मयत हाय भाऊ गाडीत. दिवे कसे बंद करू?" मी पुन्हा ओरडलो. त्याला वाटलं दुःखाने माझं डोकं फिरलंय. बांधाचा वळसा संपेपर्यंत दिवे तसेच राहिले.

गावातल्या लोकांनी दिवे पाहिले आणि माना खाली घालून वाटेच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले. अक्कानेही दिवे पाहिले.

ती अंगणात आली, तेव्हा दोन्ही हातांना ज्वारीचं पीठ होतं. तोंडावर हसू होतं, दाजी. जीपच्या मागच्या फळीवर तिला मी दिसलो. ती म्हणाली, "परल्हाद, तू बी आला का? जोडले का रे दिवे? त्यायले म्हनाव हातपाय धुवा, भाकर टाकलीच हाय तव्यावर."

मी फळीवरून खाली उतरलो. तिने माझ्याकडे बघितलं, मग दोन्ही बाजूंच्या लोकांकडे, मग गाडीकडे. तिचे पिठाचे हात तसेच हवेत राहिले. कितीतरी वेळ ती रडलीसुद्धा नाही. भैंशाला दिलेली तुमची लेक येऊन गळ्यात पडली तेव्हा कुठे तिच्या तोंडून आवाज निघाला. घरातून भाकरी करपल्याचा वास येत होता आणि तवा उतरवायला कुणी आत गेलं नाही.

गंगव्वाचं आठवलं मला. तिने दिवे पाहिले आणि मुलगा मेला असं समजली, तर तो जिवंत होता. माझ्या बहिणीचं हे असं.

त्यानंतर अक्का कमी बोलते. परवा बायका बसायला आल्या होत्या. त्या गेल्यावर तिने मला विचारलं, "दिवे चालू असते तर त्याले दिसली असती का रे गाडी? तुले कळते त्यातलं." मी मान खाली घालून बाहेर निघून गेलो. पण जाणार कुठे? काल दुकानात जाऊन खणातली पुडी काढली. आज सकाळी ती तिच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. वायर मी तोडली. साहेब-बिहेब कुणी नव्हता. दाजींनी तीनदा बटण मागितलं. दोनदा ते माझ्या खणात होतं.

ती पुडीकडे बघत बसली. मी वाट बघत होतो शिव्यांची. मारलं असतं तरी मला बरं वाटलं असतं.

"तुह्यासाठी खोटं बोलले माह्याशी," ती म्हणाली. "जन्मात पयल्यांदा. अन् तू त्यायच्याशीच खोटं बोलला."

"हो."

तिने पुडी उचलून माझ्या हातात ठेवली. मग म्हणाली, "बसव जाऊन."

"अक्का, गाडी मोडली. ठान्यात पडून हाय."

"बसव म्हनलं ना."

ती स्वतः उठली, डोक्यावरून पदर घेतला आणि माझ्याआधी बाहेर पडली. तेरवीआधी विधवेने घराबाहेर पडायचं नाही म्हणून तुमच्या चुलतभावाने हात आडवा केला. तिने तो हात बाजूला सारला. मी दुकानातून बॅटरी घेतली, पक्कड घेतली, तुमचा टेस्ट लॅम्प घेतला. हवालदार तोच होता. त्याने तिच्याकडे पाहिलं. त्याने फाटक उघडलं.

गाडीची डावी बाजू सगळी आत गेली आहे, दाजी. मी बॅटरी जोडली, उजव्या दाराने आत शिरलो, तशीच राहिलेली चावी फिरवली. डॅशबोर्डखाली आडवा झालो. माझीच टेप, माझीच गाठ, तशीच होती. खाली पडलेली तुमची तंबाखूची डबी सापडली, ती खिशात घातली. टेपवर हात ठेवला. मग टेप सोडली, टेस्ट लॅम्प लावला. पेटला. वायर बटणाला जोडली, बटण डॅशबोर्डला दोन्ही स्क्रूंनी पक्कं बसवलं, तुमच्या हाताला सहज येईल अशा जागी. अर्धा तासही लागला नाही.

बटण दाबलं. डावा दिवा तर फुटूनच गेलाय. उजवा लागला.

भर दुपार होती. ठाण्याच्या आवारात, मोडक्या गाडीला एक दिवा. अक्का पिंपळाच्या पारावर बसून त्याच्याकडे बघत होती. मी तिच्याशेजारी जाऊन उभा राहिलो. तुमच्यावर ओरडावं असं वाटलं मला, की का इतकं सांभाळून घेतलंत, का एकदा कानाखाली वाजवून बटण बसवून घेतलं नाहीत. आणि तेवढ्यातच तुमची इतकी आठवण आली की मीही पारावर टेकलो. तुम्ही हात धरून निजामाबादला नेलंत म्हणून माझ्या हातात ही पक्कड आहे. त्याच हाताने मी काय केलं ते तुम्ही आयुष्यभर कुणाला सांगितलं नसतं.

फाटकाबाहेरून सायकलवर एक म्हातारा चालला होता. कुठला कोण. त्याचं लक्ष आत गेलं. सायकल थोडी हळू करून त्याने हँडलवरचा एक हात उचलला आणि पंजा उघडून-मिटून दाखवला. दिवा चालू आहे.

मी काही करायच्या आधीच अक्काने हात वर केला, तुम्ही करायचात तसा. "माहीत हाय बावा," ती म्हणाली.

म्हातारा गेला. ती अजून थोडा वेळ बसली. मग पदराने तोंड पुसलं.

"बंद कर आता," म्हणाली.

मी गाडीत वाकलो आणि बटण दाबलं.